तबकडी दिसेनाशी होईपर्यंत

१

तलाव तेव्हा हिरवा होता, एवढं नक्की. बाकीच्याबद्दल मी माझ्याच बाजूने साक्ष द्यायला कचरतो. हल्ली चष्मा कपाळावर ठेवून मी घरभर चष्मा शोधतो. मुलगी म्हणते, "बाबा, मागच्या वेळी तुम्ही हे वेगळं सांगितलं होतंत." ती म्हणते म्हणजे सांगितलं असेन. मी जन्मभर पाणी मोजलं. जे मोजता आलं ते माझ्या लक्षात आहे. जे मोजता आलं नाही ते खरंच लक्षात राहिलं की मागाहून मीच रचलं, हे मला सांगता येत नाही. या हकिकतीत दोन्ही आहे, म्हणून आधीच बोलून ठेवतो.

तो तलाव शहराला पिण्याचं पाणी पुरवायचा. काठावर आमची प्रयोगशाळा होती आणि तिला लागूनच राहायचं घर. त्या वर्षी शेतांतलं खत आणि सांडपाणी पोटात घेऊन तलावावर शेवाळ माजलं होतं. साधं शेवाळ नव्हे, विषारी. पाण्यावर रंगाचा डबा सांडल्यासारखा थर, आणि सकाळी कापलेल्या गवताचा तर दुपारी कुजक्या कोबीचा वास. नळाचं पाणी बंद करून टँकर सुरू झाले होते. तलाव पुन्हा कधी आणि कशाने सुधारेल, आणि सुधारला तर तसाच कसा राहील, हे शोधायचं काम माझ्याकडे होतं.

माझ्या हाताखाली रसायनं बघायला माझा मेहुणा होता, हिचा धाकटा भाऊ. घरात सगळ्यांत लहान म्हणून त्याला शेंडेफळ म्हणत. डॉक्टरेट घेऊन आला तरी ते नाव सुटलं नाही, उलट प्रयोगशाळेतही चिकटलं. तो तान्हा असताना आई गेली आणि हिनेच त्याला वाढवला. आम्हाला मुलगी झाली तेव्हा ही म्हणाली होती, "माझं हे दुसरं. पहिलं ते तिकडे परीक्षानळ्या फोडतंय."

२

रोज सकाळी आम्ही नावेतून तलावाच्या मध्यावर जात असू. नावाडी वल्ही मारी. मी दोरी सोडी, आणि शेंडेफळ पाण्यात बघे.

दोरीच्या टोकाला जेवणाच्या ताटाएवढी पांढरी तबकडी असते. ती नावेच्या सावलीच्या बाजूने खाली सोडायची. बघणारा वाकून बघतो. तबकडी दिसेनाशी झाली की म्हणतो, "नाही." दोरी किती सोडली ते मी टिपून घेतो, अजून थोडी सोडतो आणि मग सावकाश वर ओढतो. तबकडी पुन्हा दिसली की तो म्हणतो, "आहे." दोन्ही आकड्यांच्या मधला आकडा म्हणजे पाण्याचा नितळपणा. इतकं सोपं. लाखांची यंत्रं आली तरी ही तबकडी कोणी टाकून दिलेली नाही.

यात एकच नियम पाळायचा असतो. "नाही" म्हटल्यावर बघणाऱ्याने डोळे मिटून घ्यायचे आणि तबकडी वर यायला लागली की उघडायचे. मला माझ्या गुरुजींनी शिकवला, मी शेंडेफळाला शिकवला. कारण विचारलं तर मी सांगायचो, डोळे शिणतात म्हणून.

त्या दिवसांत तबकडी वीतभर खाली गेली की दिसेनाशी व्हायची. हिरव्या रंगात हात बुडवला तर स्वतःची बोटं दिसत नव्हती.

"नाही," शेंडेफळ म्हणाला.

मी आकडा टिपला, थोडी दोरी सोडली.

"आहे," तो म्हणाला.

"अरे, मी अजून ओढली नाही."

"आहे पण."

"सकाळी सकाळी मस्करी नको. उन्हाने माझं डोकं चढलंय."

"भावोजी, तुमची शपथ. दिसतेय."

नावाडी हसला. "साहेब, त्यांना सगळीकडे ताटंच दिसतात. घरून निघताना खाऊन निघत जा म्हणावं."

मी वाकून बघितलं. रंगाचा थर, दुसरं काही नाही. मी दोरी सोडत गेलो, तो "आहे, आहे" म्हणत राहिला. त्याचा आवाज मस्करीचा नव्हता. घड्याळ बघून वेळ सांगावी तसा तो सांगत होता. तबकडी तळाच्या गाळाला टेकली, दोरी सैल पडली, तरी त्याचं "आहे" चालूच.

मी तबकडी भराभर ओढून नावेत घेतली. ती आमच्या दोघांच्या पायांशी होती, निथळत. शेंडेफळाने तिच्याकडे बघितलं, मग पुन्हा पाण्याकडे.

"आहे," तो अगदी हळू म्हणाला.

३

दुपारी प्रयोगशाळेत मी त्याला समोर बसवलं. मी शास्त्राचा माणूस, माझ्याकडे कारणं तयार होती. पांढऱ्या वस्तूकडे एकटक बघितलं की डोळ्यांत तिची छाप राहते, हे मी त्याला समजावलं.

"पांढऱ्याची छाप काळी उमटते, भावोजी," तो म्हणाला. "मला पांढरंच दिसतंय."

तेही बरोबरच होतं.

"डोळे मिटले होतेस ना?"

तो नळीतलं पाणी हलवत राहिला. "नाही मिटले. काल नाही, परवाही नाही. ती जिथे दिसेनाशी झाली तिथेच बघत राहिलो. वाटलं, बघू तरी मध्ये काय होतं ते."

"मग काय झालं?"

"आधी काहीच नाही. मग दिसली."

मला राग यायला हवा होता. आला नाही, उलट भीती वाटली, आणि का वाटली ते मला आजही सांगता येत नाही. शेवाळाचं विष नसांवर चढतं, हे मला ठाऊक होतं. मी त्याच कारणाला धरून बसलो. त्याला नावेवर येणं बंद केलं आणि तपासणीला पाठवलं. रक्त चांगलं, यकृत चांगलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तर त्याच्या नजरेची तारीफ केली.

हिला सांगावंच लागलं. ही पोळपाट बाजूला सारून पुसल्या हातांनी समोर येऊन बसली.

"अहो, तो लहानपणापासून असाच आहे. एखादी गोष्ट धरली की धरली. तुम्ही त्याला काम कमी द्या."

"काम बंदच केलंय."

"मग झालं तर." उठता उठता ती थांबली. "त्याला काही होणार नाही ना? खरं सांगा. मला ते तुमचं 'निष्कर्ष अजून काढता येत नाही' वगैरे नको."

मी म्हणालो, काही होणार नाही.

४

काम बंद झालं तरी बघणं बंद झालं नाही. तो काठावर उभा राहायचा. मग नमुन्यांच्या बाटल्या उजेडात धरून बसायला लागला. एकदा प्रयोगशाळेतल्या मोरीशी वाकलेला दिसला. मोरीत टँकरचं साठलेलं पाणी होतं, जेमतेम घोटाभर. त्यात काय खोल दिसणार? पण तो ज्या नजरेने बघत होता ती नजर मोरीच्या तळाशी थांबत नव्हती. विहिरीत बघताना माणसाच्या मानेला जो ताण येतो, तो त्याच्या मानेला होता.

"किती खाली आहे?" मी विचारलं. का विचारलं कोण जाणे. सवय असेल.

"दोन पुरुष खोल असेल," तो म्हणाला. "परवापेक्षा वर आहे."

"वर येतेय?"

"रोज थोडी. भावोजी, एक गंमत सांगू? दोरी नाहीये तिला."

त्याला खरंच गंमत वाटत होती. मला वाटतं, तोवर तो भ्यालाच नव्हता. भीती सगळी माझ्या वाट्याला आली होती आणि तिचं काय करायचं ते मला कळत नव्हतं. मी मोरीचं बूच काढलं. पाणी गुळगुळ करत उतरलं. तो त्या जाळीकडे बघत राहिला आणि मग माझ्या पाठीवर थाप मारून चहाला गेला.

त्या रात्री हिने मला पाणी आणून दिलं. मी पेल्यात न बघता ते प्यालो. मग स्वतःचीच लाज वाटली. इतकं शिकून शेवटी ही गत, असं मनात आलं, पण दुसऱ्या दिवशीही मी तसाच प्यालो.

५

शेवटी मी ठरवलं की त्याला एकदा नावेत घेऊन जायचं आणि बघण्याचं काम मी करायचं. दोरी त्याच्या हातात द्यायची. माणसाला आपल्या हाताने काम करू दिलं की मनातलं निघून जातं, असा माझा हिशेब. आता वाटतं, मला त्याचं मन साफ करायचं नव्हतंच. मला स्वतः बघायचं होतं.

वारा पडला होता. नावाड्याची वल्ही थरातून जाताना आवाजच करत नव्हती, जणू दह्यातून चमचा. त्यालाही ते आवडलं नसावं, कारण तो सारखा मागे काठाकडे बघत होता.

शेंडेफळाने तबकडी सोडली. वीतभर गेली आणि हिरव्यात बुडाली.

"नाही," मी म्हणालो, आणि डोळे मिटले. नियम म्हणजे नियम.

दोरी वर येण्याची वाट बघत मी डोळे मिटून वाकून राहिलो. तबकडी नावेच्या फळ्यांवर ठेवल्याचा ठक आवाज आला. तो मला न सांगता ती वर घेऊन बसला होता.

"आता बघा," शेंडेफळ म्हणाला.

मी बघितलं.

थराखाली, हात घातला तर लागेल इतक्या जवळ, काहीतरी फिकट होतं. गोल, पण तबकडीपेक्षा मोठं, आणि सपाट नाही. एवढं मी शपथेवर सांगेन. रंग पांढरा म्हणावा तर तसा नव्हता. खूप दिवस पट्टी बांधलेल्या बोटाचा असतो तसा. मी बघतोय हे कळल्यासारखं ते किंचित कललं, माणूस नीट बघायला मान वाकडी करतो तसं. पण ते माझ्याकडे कललं नाही. माझ्या बाजूला वाकलेल्या शेंडेफळाकडे कललं.

मी मागे कोलमडलो. नाव हलली, नावाडी ओरडला, "साहेब, बसून घ्या!" नाव सावरेपर्यंत थर पुन्हा एकसंध झाला होता.

"दिसली ना?" शेंडेफळ म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरची गंमत गेली होती. त्याला वाटलं होतं, मी "नाही" म्हणेन. मी "नाही" म्हणालो असतो तर तो वेडा ठरला असता, आणि वेडावर औषध असतं.

मी दोरी गुंडाळायला घेतली, आणि त्याला उत्तर मिळालं.

६

आठवड्याच्या आत मी त्याची बदली करून घेतली. खात्याचं एक कार्यालय अशा गावात होतं जिथे नदी नाही, तलाव नाही, जमीन उन्हाने तडकलेली. तिथे पाणी खोल बोअरमधून येतं आणि बंद लोखंडी टाकीतून नळाला जातं. कार्यालय तिसऱ्या मजल्यावर. ही त्याची बॅग भरताना एकेक सदरा घडी करून पुन्हा उलगडत होती.

"ताई, मी लढाईवर नाही चाललोय," तो म्हणाला.

"गप्प बस. आणि वेळेवर जेव. आणि फोन कर."

"पाणी पिऊ का नको?"

ती हसली नाही. तिने माझ्याकडे बघितलं. मी सामानाची दोरी आवळत होतो.

तो गेला आणि त्याच आठवड्यात तलाव निवळायला लागला. सांगतो ते मोजलेलं आहे. आदल्या दिवशी तबकडी वीतभर, मग हातभर, आणि बघता बघता तळापर्यंत. शेवाळाचा मागमूस नाही. तळातल्या गाळावर पडलेला एक बूट दिसायचा. नावाडी खूश होऊन पाणी ओंजळीत घेऊन दाखवायचा. सांडपाणी वळवण्याची आणि काठाला खत शोषून घेणारं लव्हाळं लावण्याची माझी योजना नुकतीच सुरू झाली होती, म्हणून सगळ्यांनी श्रेय तिला दिलं. हार घातले, भाषणं झाली. मला माहीत होतं की अशा योजनेला गुण यायला वर्षं लागतात. मी तसं सांगितलंही. लोकांना तो विनय वाटला.

मी पुन्हा पुन्हा त्या जागी जाऊन वाकून बघत होतो. काही नव्हतं. त्या नितळ पाण्यात काहीच नव्हतं, आणि त्यानेच माझी झोप उडाली.

७

त्याचे फोन यायचे. आधी हिच्याशी तासन्‌तास बोलायचा, खानावळीच्या आचाऱ्याच्या नकला करायचा, तिला हसवायचा. मग म्हणायचा, "जरा भावोजींना दे."

मी रिसीव्हर कानाला लावून खिडकीपाशी सरकायचो, म्हणजे हिला माझा चेहरा दिसू नये.

"किती?" मी विचारायचो.

"एक पुरुष. इथे आल्यावर खोल गेली होती, पुन्हा वर येतेय."

नंतर, "कमरेइतकी."

"पाण्यात बघू नकोस म्हटलं ना तुला?"

"पाणी लागत नाही आता. टेबलावर काच आहे, त्यात दिसते. काल भिंतीत दिसली. भिंत खोल असते हे मला माहीत नव्हतं, भावोजी."

मी त्याला परत ये म्हणालो. मग नको म्हणालो. सुट्टी घेऊन स्वतः जाऊन आलो. त्याच्या खोलीत सगळं जागच्या जागी होतं, पलंगाची चादरही ताणलेली. आम्ही गप्पा मारत बसलो. मध्येच तो पाय जमिनीवरून उचलून खुर्चीवर घ्यायचा, पुराच्या पाण्यात माणूस घेतो तसे. मी तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांकडे त्याला नेलं. त्यांनी गोळ्या दिल्या आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "तुमचा मेहुणा ठीक आहे. तुम्हीच जरा विश्रांती घ्या." परतीच्या गाडीत मी विचार करत होतो, मी अजून काय करू शकतो? काहीही सुचलं नाही. मी तलावांवर चार पुस्तकं लिहिली आहेत.

शेवटचा फोन सकाळचा. तो हिच्याशी नेहमीसारखाच बोलला. मला म्हणाला, "हातभर आहे."

"ऐक, मी उद्या निघतो."

"भावोजी, एक विचारू? तबकडी वर आली की तुम्ही ती नावेत घेता."

"हो."

"मग ही बिनदोरीची वर आली की तिला कोण घेणार?"

माझ्या मागे ही भांडी विसळत होती. पाण्याचा आवाज येत होता. मी म्हणालो, "डोळे मीट. ऐकतोयस का? डोळे मिटून घे आणि उघडू नकोस."

"मिटलेत," तो म्हणाला. "केव्हाचे मिटलेत."

दुपारी कार्यालयातून कळवलं. टेबलावर हातावर डोकं ठेवून झोपला होता, हाक मारली तर उठला नाही. शेजारच्या टेबलावरची बाई सांगत होती, अंगावरचा सदरा कडक इस्त्रीचा होता, एक सुरकुती नाही. तिथल्या रुग्णालयात तपासणी झाली. हृदय बंद पडलं, असं लिहून मिळालं.

ही मला म्हणाली, "तुम्ही म्हणाला होतात, काही होणार नाही." एकदाच म्हणाली. नंतर आम्ही दोघं खूप वर्षं सोबत राहिलो, आणि तिने ते पुन्हा काढलं नाही. हृदय तर हृदय. तिच्या घराण्यात दोघंतिघं तसेच गेले होते. तिला त्याचा आधार होता, आणि मी तो काढून घ्यायला धजलो नाही.

८

ही गेल्यानंतर मी त्या गावाला गेलो. रुग्णालयात शवचिकित्सेच्या विभागप्रमुख बाई होत्या, माझ्या एका विद्यार्थ्याच्या ओळखीच्या. त्यांच्याकडे जुन्या तपासण्यांचे मेणात बसवलेले तुकडे जपून ठेवलेले होते. मी नातं सांगितलं, अर्ज केला, आणि त्यांनी फुप्फुसाच्या तुकड्याची ताजी काचपट्टी करून घेतली.

"सर, तेव्हाच्या डॉक्टरांनी यात हिरवे कण दिसल्याचं म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "काच नीट धुतली नसेल म्हणून सोडून दिलं. पण आत्ताची काच तर कोरी होती."

मी सूक्ष्मदर्शकाशी बसलो. भिंग त्यांनीच फिरवून नीट लावून दिलं. मी माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही, म्हणून त्यांनाही बघायला लावलं आणि काय दिसतं ते मी न सुचवता कागदावर काढायला सांगितलं. नंतर त्या काचपट्टीचं छायाचित्र नाव न सांगता दोन वेगवेगळ्या तज्ज्ञांना पाठवलं.

चौघांचंही एकच ठरलं. त्याच्या फुप्फुसाचा तो तुकडा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तलावाच्या शेवाळाने भरलेला होता. ज्या गावाच्या पाण्याला कधी ऊन लागत नाही, तिथे, तिसऱ्या मजल्यावर, कोरड्या सदऱ्यात बसलेला तो माणूस बुडून मेला होता.